रोहिण्या कठीण का होतात?

शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरी हे तापी खोऱ्यातील, सातपुड्याच्या दक्षिणेकडील शेतीप्रधान गाव. कापूस, केळी, पपई आणि ऊस यांचा हा पट्टा. येथील कोणत्याही स्वयंपाकघरात भुईमुगाच्या तेलाचा डबा उघडा राहिला आणि त्यावर ऊन पडत राहिले, तर काही दिवसांनी तेलाला खवट वास येऊ लागतो. असे तेल घरातील वडीलधारी बाई फोडणीला वापरू देत नाही. तेल खवट होणे म्हणजे त्यातील मेदाम्लांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यांचे स्वरूप बिघडणे होय. या क्रियेला रसायनशास्त्रात ऑक्सिडीभवन असे म्हणतात. नांगराचा फाळ गंजतो, कापून ठेवलेले केळे काळे पडते, त्यामागेही ऑक्सिजनचीच करणी असते.

आपल्या शरीरातही मेद आहे आणि ऑक्सिजनही आहे. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरलेला मेद असाच जणू खवट होतो आणि हृदयविकाराच्या झटक्याचा व पक्षाघाताचा पाया त्यातून घातला जातो, असे गेल्या काही दशकांतील संशोधनाने दाखविले आहे. ही क्रिया कशी घडते, तिला कोणत्या गोष्टींमुळे चालना मिळते आणि गावपातळीवर तिला आवर कसा घालता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्याचबरोबर आणखी एका प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे आहे. ऑक्सिडीभवनाने रोहिण्या बिघडत असतील, तर ऑक्सिडीभवन रोखणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेऊन भागणार नाही काय? या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाने मोठ्या परिश्रमाने मिळविले आहे आणि ज्या घरात औषधावरील प्रत्येक रुपया मोजून खर्च करावा लागतो, त्या घराला ते माहीत असणे अगत्याचे आहे.

हा केवळ शहराचा रोग नव्हे

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. या जिल्ह्याच्या आरोग्याचा विचार निघाला, की कुपोषण, सिकलसेल आणि सुरक्षित बाळंतपण हे विषय पुढे येतात आणि ते योग्यच आहे. हृदयविकार मात्र बसून काम करणाऱ्या श्रीमंत शहरी माणसाचा रोग होय, अशी समजूत अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळते. ही समजूत बदलण्याची वेळ आली आहे.

हृदयविकाराचा पहिला झटका आलेल्या रुग्णांची आणि निरोगी व्यक्तींची तुलना करणारी 'इंटरहार्ट' नावाची मोठी पाहणी ५२ देशांत करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यातील भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका व नेपाळ या देशांच्या माहितीचे स्वतंत्र विश्लेषण २००७ साली प्रसिद्ध झाले. या विश्लेषणाचे प्रमुख लेखक नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. प्रशांत जोशी हे होते. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, तर इतर देशांतील लोकांना तो सुमारे ५९ व्या वर्षी येतो, असे त्यात आढळून आले. म्हणजे आपल्याकडे हा रोग सहा वर्षे आधीच दार ठोठावतो. ही सहा वर्षे साधारणपणे मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण आणि शेतीचे कर्ज यांची असतात. कर्ता पुरुष अथवा कर्ती स्त्री या वयात गेली, तर एका आयुष्याबरोबर संपूर्ण कुटुंबाची घडी विस्कटते.

याच पाहणीतील दुसरा निष्कर्ष मात्र आशादायक आहे. आपल्याकडील धोक्याचा सुमारे ८६ टक्के भाग नऊ ज्ञात कारणांनी समजावून सांगता येतो. रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा वाढलेला घेर, मानसिक ताण, फळे व भाज्या यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाच्या सवयी ही ती कारणे होत. यांतील बहुतेक माणसाच्या हातातील आहेत. ती रोहिणीच्या भिंतीत नेमके काय करतात, हे समजण्यासाठी प्रथम त्या भिंतीची रचना पाहिली पाहिजे.

रोहिणीची भिंत

हृदयापासून शरीराच्या सर्व भागांकडे रक्त वाहून नेणाऱ्या वाहिन्यांना रोहिण्या म्हणतात. रोहिणी ही निर्जीव नळी नव्हे. तिच्या भिंतीला तीन थर असतात. त्यांतील सर्वांत आतला, रक्ताला प्रत्यक्ष लागून असणारा थर केवळ एका पेशीइतक्या जाडीच्या अस्तराने मढविलेला असतो. हे अस्तर इतके पातळ असूनही त्याचे कार्य मोठे आहे. रक्त गोठू न देणे, नको ते पदार्थ भिंतीत शिरू न देणे आणि गरजेप्रमाणे रोहिणी सैल करणे ही कामे ते अहोरात्र करीत असते.

रोहिणी सैल करण्यासाठी हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अत्यल्प प्रमाणात निर्माण करते. या शोधाबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो व फेरिद मुराद या अमेरिकी शास्त्रज्ञांना १९९८ सालचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. शेतात काम करताना स्नायूंना अधिक रक्त लागते, तेव्हा रोहिण्या रुंदावतात, त्यात या वायूचाही वाटा असतो. अस्तर निरोगी असेल, तर रोहिणी मऊ व लवचिक राहते. अस्तर बिघडले, की काठिण्याचा आरंभ होतो.

ऑक्सिडीभवनाचा ताण म्हणजे काय?

आपण श्वासावाटे घेतलेल्या ऑक्सिजनवर शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी अन्नाचे ज्वलन करून शक्ती मिळविते. चूल कितीही चांगली पेटली, तरी एखादी ठिणगी बाहेर उडतेच. त्याचप्रमाणे या ज्वलनातही काही अर्धवट, अस्थिर रेणू बाहेर पडतात. रेणूतील इलेक्ट्रॉन सामान्यतः जोडीने असतात. या अस्थिर रेणूंत मात्र एखादा इलेक्ट्रॉन एकटा राहिलेला असतो आणि तो जोडीदार मिळविण्यासाठी शेजारच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून घेतो. अशा रेणूंना मुक्त मूलके म्हणतात. शेजारचा रेणू एकदा असा बिघडला, की तो पुढच्याला बिघडवितो आणि साखळी सुरू होते. डब्यातील तेल खवट होण्याची क्रियाही अशाच साखळीने पुढे जाते.

मुक्त मूलके सर्वस्वी वाईट नव्हेत. शरीरातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना मारण्यासाठी ती मुद्दाम निर्माण करतात. शिवाय शरीरापाशी त्यांच्यापासून बचावाची साधनेही आहेत. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनी १९६९ साली असे एक एंझाइम शोधून काढले, की ज्याचे कामच सुपरऑक्साइड नावाच्या मुक्त मूलकाचा निकाल लावणे हे आहे. याखेरीज आणखी काही एंझाइमे आणि आहारातून येणारी क व ई ही जीवनसत्त्वे या कामी येतात. उत्पन्न होणाऱ्या ठिणग्या आणि त्या विझविण्याची शक्ती यांचा तोल बिघडला आणि ठिणग्या वरचढ झाल्या, की त्या स्थितीला 'ऑक्सिडीभवनाचा ताण' म्हणतात. ही संज्ञा जर्मन शास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी १९८५ साली रूढ केली.

मेद भिंतीत कसा अडकतो

मेद पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तात तो प्रथिनांच्या वेष्टनात बांधलेल्या सूक्ष्म कणांच्या रूपाने वाहून नेला जातो. यांपैकी कमी घनतेच्या कणांना डॉक्टर 'एलडीएल' म्हणतात. कोलेस्टेरॉल पेशींपर्यंत पोहोचविणे हे त्यांचे काम होय. ते आवश्यकच आहे. परंतु रक्तात या कणांची गर्दी झाली आणि अस्तर सैल पडले, की काही कण भिंतीत शिरतात व तेथील तंतूंत अडकून पडतात. तेथे मुक्त मूलकांची गाठ पडून त्यांतील मेदाचे ऑक्सिडीभवन होते.

बिघडलेल्या या मेदामुळे अस्तराच्या पेशी धोक्याची खूण दर्शवितात आणि रक्तातील पांढऱ्या पेशी भिंतीत शिरतात. त्या तेथे भक्षक पेशी बनून बिघडलेला मेद गिळू लागतात. येथे एक महत्त्वाची गोष्ट घडते. पेशीत चांगला एलडीएल घेण्याचे एक दार असते. हे दार मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टाइन यांनी शोधले आणि १९८५ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. वाफ्यात पुरेसे पाणी गेले, की शेतकरी जसे पाटाचे बारे बंद करतो, तसे पेशीची गरज भागली की हे दार मिटते. बिघडलेला मेद मात्र भक्षक पेशीत दुसऱ्याच दाराने शिरतो आणि ते दार मिटत नाही. पेशी मेदाने तुडुंब भरते, फेसाळलेली दिसू लागते आणि अखेर तेथेच मरते. अशा असंख्य पेशींचा मिळून रोहिणीच्या भिंतीवर पिवळसर पट्टा उमटतो. अमेरिकी संशोधक डॅनिएल स्टाइनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली ही सारी उपपत्ती सुसंगतपणे मांडली.

पुढे या पट्ट्यावर तंतूंचे आवरण चढते, त्यात चुनखडीसारखे कॅल्शियमचे क्षार साचतात आणि रोहिणी कठीण व अरुंद होते. त्यातच सुपरऑक्साइड हे नायट्रिक ऑक्साइडला खाऊन टाकते, त्यामुळे उरलेली रोहिणीही नीट सैल होऊ शकत नाही. एखाद्या दिवशी आवरण फाटते, आतला मेद रक्ताच्या संपर्कात येतो आणि काही मिनिटांत तेथे रक्ताची गुठळी होते. हृदयाच्या रोहिणीत ही गुठळी अडकली तर झटका येतो. मेंदूच्या रोहिणीत अडकली तर पक्षाघात होतो. लोक म्हणतात, 'काल संध्याकाळपर्यंत माणूस चांगला होता.' माणूस चांगला दिसत होता हे खरे. भिंतीतील काम मात्र वीस-तीस वर्षे चालू होते.

आरंभ तारुण्यात, कधी जन्माआधीही

कोरियातील युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ साली प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय अवघे २२ वर्षांचे होते. तरीही ७७ टक्के सैनिकांच्या हृदयाच्या रोहिण्यांत या विकाराच्या खुणा सापडल्या. ज्या वयात मुलगा महाविद्यालय सोडून शेतीला अथवा नोकरीला लागतो, त्या वयातच रोहिणीत पहिले पट्टे उमटलेले असू शकतात, हा या तपासणीचा अर्थ शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावा असा आहे.

आपल्या राज्यातील संशोधन तर याहूनही मागे जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा व त्यांच्या बालकांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम भरले. परंतु वजन कमी असूनही आपल्या बालकांच्या अंगावरील मेद त्या मानाने फारसा कमी नव्हता. कमी होते ते स्नायू व अवयव. दिसायला बारीक, पण मेदाने भरलेले असे हे शरीर पुढे मधुमेहाकडे व रोहिणीविकाराकडे सहज झुकते, असे या संशोधकांचे प्रतिपादन आहे.

नंदुरबार जिल्ह्याच्या दृष्टीने यातील बोध गंभीर आहे. गरोदर मातेचे कुपोषण आणि पन्नाशीतील हृदयविकार हे परस्परांपासून दूरचे प्रश्न नव्हेत. अंगणवाडीत गरोदर मातेला वेळेवर मिळणारा चौरस आहार हा पुढच्या पिढीच्या हृदयासाठी केलेला पहिला खर्च होय.

ठिणग्या कोठून येतात?

ऑक्सिडीभवनाचा ताण वाढविणाऱ्या गोष्टींत तंबाखूचा क्रमांक पहिला लागतो. बिडी-सिगारेटच्या प्रत्येक झुरक्याबरोबर असंख्य मुक्त मूलके सरळ फुप्फुसांत व तेथून रक्तात परिणाम घडवितात. धूर सोडणाऱ्याच्या शेजारी बसलेल्या बालकालाही त्याचा वाटा मिळतो. तंबाखू-चुना, गुटखा व मिश्री यांना धूर नाही, म्हणून त्या निरुपद्रवी, असे मानणेही चूक आहे. वर उल्लेखिलेल्या 'इंटरहार्ट' पाहणीत केवळ तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला. दात घासण्याच्या निमित्ताने दिवसातून अनेकदा मिश्री लावणाऱ्या स्त्रियांची आपण तंबाखू खाणाऱ्यांत गणनाच करीत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरे कारण उच्च रक्तदाब. वाढलेल्या दाबाचा मारा अस्तरावर सतत होत राहतो आणि दाब वाढविणारी शरीरातील रसायने रोहिणीच्या पेशींना अधिक मुक्त मूलके निर्माण करावयास लावतात. तिसरे कारण मधुमेह. रक्तातील जादा साखर एकीकडे पेशींतील ठिणग्या वाढविते आणि दुसरीकडे एलडीएलच्या कणांना चिकटून त्यांना अधिक लवकर बिघडविते. चौथे कारण चुलीचा व वाहनांचा धूर. त्यातील अतिसूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जाऊन दाह उत्पन्न करतात. बंद स्वयंपाकघरात ओल्या काटक्यांवर भाकरी भाजणारी स्त्री बिडी न ओढताही धूर ओढीत असते.

या सर्वांना इंधन पुरविणारी गोष्ट म्हणजे रक्तातील एलडीएलचे आधिक्य. ठिणगी पडली तरी कडबा नसेल तर आग भडकत नाही. ऑक्सिडीभवन हे रोहिणीकाठिण्याचे एकमेव कारण आहे असे नव्हे. मेदाचे प्रमाण, अस्तराची इजा, दाह आणि ऑक्सिडीभवन ही चारही एकमेकांना खतपाणी घालतात, असे म्हणणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल.

गोळ्यांची परीक्षा

आता प्रारंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे वळू. क व ई जीवनसत्त्वे आणि बीटा-कॅरोटीन हे पदार्थ ऑक्सिडीभवन रोखतात, हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले होते. ज्यांच्या आहारात फळे-भाज्या अधिक, त्यांना हृदयविकार कमी, हेही दिसून आले होते. तेव्हा या पदार्थांच्या गोळ्या दिल्यास रोहिण्या सुरक्षित राहतील, अशी अपेक्षा सर्वत्र उत्पन्न झाली आणि तिची परीक्षा हजारो माणसांवर घेण्यात आली.

फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवरील प्रयोगाचे निष्कर्ष १९९४ साली जाहीर झाले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'होप' या प्रयोगात साडेनऊ हजारांवर व्यक्तींची सुमारे साडेचार वर्षे पाहणी झाली. ई जीवनसत्त्वाचा हृदयाला काहीही लाभ झाला नाही. २००२ साली ब्रिटनमधील 'हार्ट प्रोटेक्शन स्टडी'ने २०,५३६ व्यक्तींचा वृत्तांत दिला. त्यांतील निम्म्यांना पाच वर्षे ई, क व बीटा-कॅरोटीन एकत्र देण्यात आले होते. झटके कमी झाले नाहीत आणि मृत्यूही कमी झाले नाहीत.

असे का व्हावे? याची काही कारणे शास्त्रज्ञ देतात. रोग वीस-तीस वर्षे मुरल्यावर गोळ्या दिल्या गेल्या. मुक्त मूलकांचे प्रकार अनेक आहेत आणि एकच गोळी त्या सर्वांना पुरी पडत नाही. शरीराला काही मुक्त मूलके हवी असतात. शिवाय ई जीवनसत्त्वाचा रेणू स्वतः ठिणगी झेलल्यावर काही काळ अस्थिर होतो. परंतु सर्वांत सोपे उत्तर असे, की तंबाखू, दाब व साखर यांचा वणवा चालू ठेवून वरून चमचाभर पाणी शिंपडल्याने तो विझत नाही.

याउलट, इंधन कमी करणाऱ्या व ठिणगीचे मूळ रोखणाऱ्या उपायांनी निश्चित यश दिले. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतून शोधलेल्या द्रव्यापासून स्टॅटिन गटातील औषधांची परंपरा सुरू झाली. ही औषधे रक्तातील एलडीएल कमी करतात. उत्तर युरोपात ४,४४४ हृदयरुग्णांवर झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा औषधाने मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटले. रक्तदाबाचा वरचा आकडा १० ने उतरविल्यास हृदय व रोहिण्यांचे मोठे विकार सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होतात, असे अनेक प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासात दिसून आले. धूम्रपान सोडणाऱ्याचा हृदयविकाराचा जादा धोका एका वर्षात जवळजवळ निम्मा होतो.

म्हणून बाजारात 'रक्तवाहिन्या साफ करणारे' म्हणून विकले जाणारे टॉनिक अथवा जीवनसत्त्वांच्या महागड्या गोळ्या यांवर रोहिणीविकार टळावा या आशेने खर्च करणे व्यर्थ आहे. एखाद्या जीवनसत्त्वाची उणीव डॉक्टरांच्या तपासणीत सिद्ध झाली असेल, तर त्यासाठी दिलेले औषध ही वेगळी गोष्ट होय. ते अवश्य घ्यावे.

ताटातील संरक्षण

गोळीने जे साधले नाही, ते संपूर्ण आहाराने मात्र बरेच साधते. पपई, आवळा, पेरू, शेवग्याचा पाला, अंबाडी, मेथी, टोमॅटो यांत जीवनसत्त्वांबरोबर तंतू, पोटॅशियम आणि अनेक वनस्पतिजन्य द्रव्ये एकत्र असतात. त्यांनी रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल यांवरही अनुकूल परिणाम होतो. ज्या पट्ट्यात पपईच्या बागा उभ्या आहेत, तेथील घरात मुलांच्या ताटात पपईची फोड नसावी, ही विसंगती दूर करणे कठीण नाही. खानदेशातील कळण्याची भाकरी, डाळी, पालेभाजी आणि मूठभर शेंगदाणे हा आहार मुळात उत्तम आहे. त्यावर तेलाची तर्री किती घ्यावयाची, एवढाच प्रश्न आहे.

दोन गोष्टींचा येथे विशेष उल्लेख केला पाहिजे. पहिली तळणीच्या तेलाची. एकच तेल पुनःपुन्हा तापविले, की त्याचे ऑक्सिडीभवन झपाट्याने होते. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून बिघडलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. बाजाराच्या दिवशी भजी तळणाऱ्यांनी आणि लग्नाच्या जेवणावळीत आचाऱ्यांनी उरलेले काळे तेल पुढील वापरासाठी ठेवू नये. दुसरी गोष्ट मिठाची. दिवसाला एका माणसास सर्व पदार्थांतून मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक लहान चमचा मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. लोणचे, पापड, बिबड्या व पाकीटबंद फरसाण यांतील मीठ आपण हिशेबात धरीत नाही.

गावाने काय करावे?

रोहिणीच्या भिंतीत काय चालले आहे हे डोळ्यांना दिसत नाही. परंतु ठिणग्यांचा माग काढण्याची साधी साधने प्रत्येक गावाच्या आवाक्यात आहेत. रक्तदाब मोजण्यास दोन मिनिटे लागतात. शासनाच्या असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमात ३० वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाच्या रक्तदाबाची व साखरेची तपासणी अभिप्रेत आहे आणि आशा कार्यकर्ती त्यासाठी घरोघरची माहिती भरून घेते. ब्राह्मणपुरीसारख्या गावाच्या ग्रामसभेने पुढील गोष्टी मनावर घेतल्यास त्यांना मोठा निधी लागणार नाही.

पहिली, तिशीवरील सर्वांची नोंद. कोणाची तपासणी झाली आणि कोणाची राहिली, याचा आढावा ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने दर तिमाहीस घ्यावा. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक वारंवार आढळल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि औषध सुरू झाल्यावर 'आता बरे वाटते' म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नये. रक्तदाब दुखत नाही, म्हणूनच तो घातक आहे. आपल्या राज्यात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा या जिल्ह्यांत २०१७ नंतर राबविण्यात आलेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाचा भर ठरावीक औषधयोजना, औषधांचा अखंड पुरवठा आणि रुग्णांचा पाठपुरावा यांवर होता.

दुसरी, तंबाखू. २००३ च्या कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास मनाई आहे आणि १८ वर्षांखालील मुलास ते विकणे हाही गुन्हा आहे. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. हे अंतर प्रत्यक्ष टेपने मोजून घेण्याचे काम शिक्षक व पंचायत सदस्य यांनी एकत्र करावे. मात्र शाळेच्या आवारात शिक्षकाने आणि ग्रामसभेत सदस्याने स्वतः तंबाखू मळू नये, ही त्याची पूर्वअट होय. मुले फलक वाचीत नाहीत, मोठ्यांचे हात पाहतात.

तिसरी, चूल. प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेखाली २०१६ पासून अनेक घरांत गॅसची जोडणी पोहोचली आहे. जोडणी असूनही जेथे चूलच पेटते, तेथे त्याचे कारण विचारावे. जेथे चुलीला पर्याय नाही, तेथे धुराडे व खिडकी यांची सोय व्हावी.

चौथी, झटक्याची ओळख. छातीत दाब, घाम, डाव्या हातात अथवा जबड्यात कळ, दम लागणे ही लक्षणे दिसताच ती 'गॅस'ची समजून सोडा-लिंबू पिण्यात वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. गुठळी झाल्यापासूनचा प्रत्येक मिनिट हृदयाच्या स्नायूचा असतो.

पाचवी, वर्गातील धडा. विज्ञानाच्या शिक्षकाने एका बशीत कापलेले केळे ठेवावे आणि दुसऱ्या बशीत लिंबाचा रस लावलेले केळे ठेवावे. तासाभरात एक काळे पडेल, दुसरे बराच वेळ पांढरे राहील. मुलांना ऑक्सिडीभवन आणि त्याचा प्रतिबंध दोन्ही दिसतील. मग त्यांना पुढचा प्रश्न विचारावा : लिंबाचा रस केळ्याला लावता येतो, रोहिणीच्या भिंतीला लावता येईल काय? उत्तर शोधता शोधता मुले या लेखातील निष्कर्षापर्यंत आपसूक येतील.

खवट झालेले तेल कोणत्याही उपायाने पुन्हा ताजे होत नाही. म्हणून शहाणी गृहिणी ते दुरुस्त करीत बसत नाही. ती डब्याचे झाकण लावते, डबा उन्हातून व चुलीपासून दूर ठेवते आणि लागेल तेवढेच तेल भरते. रोहिण्यांच्या बाबतीतही विज्ञान नेमके हेच सांगते. तंबाखूचा व चुलीचा धूर दूर ठेवणे, रक्तदाब व साखर यांवर झाकण ठेवणे आणि रक्तातील मेद बेताचा राखणे, हाच रोहिणीकाठिण्यावरील खरा उपाय होय. तो बाटलीत मिळत नाही. तो घरात, शाळेत आणि ग्रामसभेत मिळून करावा लागतो.